गावात परमिट रूमचा अर्ज आलाय: ग्रामसभेने हो म्हणायचं की नाही, हे कसं ठरवावं

गावाच्या हद्दीत परमिट रूम यायला गावाच्या बाजूने ग्रामसभेचा एक ठराव पुरतो, आणि त्या सभेला शंभर माणसं असली तरी भागतं. तीच परमिट रूम पुढे बंद करायची झाली, तर 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे आधी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांच्या सह्यांचं निवेदन लागतं. मग सह्यांची पडताळणी होते आणि त्यानंतर उभी बाटली (चालू ठेवा)-आडवी बाटली (बंद करा) असं गुप्त मतदान. महिलांच्या निवेदनावरून मतदान लागलं, तर पडलेल्या मतांचं बहुमत चालत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली पण नाव सासरच्या यादीत असलेली, वारल्यावरही यादीत राहून गेलेली, अशा सगळ्या जणी हिशेबात उभ्या बाटलीकडेच जातात. अनेक गावांतली आंदोलनं जोरात होऊनही मतदानाच्या दिवशी याच आकड्यावर आपटली आहेत.

म्हणून काय ते ठरवायचं ते अर्ज आल्यावर, ठराव होण्याआधी ठरवा. हा लेख सरपंच, सदस्य आणि सभेला जाणारे गावकरी यांच्यासाठी आहे. दारू चांगली की वाईट हा वाद इथे घातलेला नाही. तो वाद घालून सभा रात्री आठपर्यंत चालते आणि अर्जाची जागा कुठली हे कोणी विचारतच नाही, असं फार वेळा होतं.

आधी एवढं लक्षात घ्या: परवाना ग्रामपंचायत देत नाही

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली परवाना जिल्हाधिकारी देतात. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे निरीक्षक जागा पाहतात, अधीक्षक प्रस्ताव पुढे पाठवतात, पोलिसांचा अहवाल जोडला जातो. ग्रामसभेचा ठराव हा त्या प्रस्तावातला एक कागद. पण गावाचा आवाज तिथे पोचतो तो याच कागदातून, त्यामुळे त्यावर काय लिहिलंय याला फार महत्त्व आहे. नुसतं 'ना हरकत देण्यात येत आहे' किंवा नुसतं 'विरोध आहे' एवढंच लिहिलेला ठराव दोन्ही बाजूंनी लंगडा.

आणखी एक गोष्ट. दारूचा धंदा करणं हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या 1994 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. तेव्हा 'माझ्या धंद्यावर गदा आणता का' या अर्जदाराच्या प्रश्नापुढे सभेने बिचकण्याचं कारण नाही. मात्र त्याचा अर्थ मनमानी करावी असाही नाही. नियम सगळ्यांना सारखेच लावावे लागतात, आणि अर्जदार विरोधी पॅनेलचा आहे हे नकाराचं कारण होऊ शकत नाही.

पहिली पायरी: अर्ज नक्की कशाचा आहे

अर्ज हातात आला की सगळ्यात आधी परवान्याचा प्रकार बघा. गावात सगळ्याला 'बार' म्हणतात, पण कागदावर हे वेगवेगळे प्राणी आहेत.

एफएल-3 म्हणजे परमिट रूम: बसून प्यायची सोय, सोबत जेवण. एफएल/बीआर-2 म्हणजे बिअर शॉपी: सीलबंद विक्री, तिथे बसायचं नाही. एफएल-2 म्हणजे वाइन शॉप, विदेशी मद्याची सीलबंद विक्री. सीएल-3 म्हणजे देशी दारूचं दुकान. यातला फरक गावाच्या दृष्टीने मोठा आहे. परमिट रूमचा त्रास रात्री आणि पार्किंगमध्ये होतो. शॉपीचा त्रास दुकानात होत नाही, तो मागच्या शेताच्या बांधावर, शाळेच्या ओट्यावर आणि नदीकाठी होतो, कारण घेतलेली बाटली माणूस कुठेतरी बसून रिचवणारच. देशीच्या दुकानाला सकाळपासून गिऱ्हाईक असतं.

वाइन शॉप आणि देशी दुकानांचे नवे परवाने राज्याने 1970 च्या दशकापासून जवळपास थांबवलेले आहेत. त्यामुळे तुमच्या गावात असं दुकान येत असेल तर ते बहुतेक दुसरीकडून स्थलांतरित होऊन येतंय. मग प्रश्न विचारा: कुठून? तिथून का हललं? जागामालकाने काढलं, महामार्गाच्या अंतरात अडकलं, की तिथल्या बायांनी आडवं केलं? जुन्या गावच्या सरपंचांना एक फोन केला की अर्ध्या तासात सगळा इतिहास कळतो. हा फोन सहसा कोणी करत नाही.

अर्जाची भाषाही नीट वाचा. 'हॉटेल व्यवसायासाठी ना हरकत मिळावी' असा मोघम अर्ज असेल आणि सभेत 'फॅमिली रेस्टॉरंट आहे' असं सांगितलं जात असेल, तर परवान्याचा प्रकार, गट नंबर, मिळकत नंबर आणि अर्जदाराचं पूर्ण नाव लिहून सुधारित अर्ज मागा. हॉटेलसाठीचा ठराव आणि परमिट रूमसाठीचा ठराव वेगळाच असला पाहिजे.

दुसरी पायरी: जागेवर जा, टेप घेऊन

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. बाकीच्या गोष्टी मतांच्या आहेत, ही मोजमापाची आहे.

दारूच्या दुकानासाठी शाळा, धार्मिक स्थळ, एसटी स्थानक यांपासून किती अंतर हवं, हे प्रत्येक परवान्याच्या नियमावलीत दिलेलं असतं. विदेशी मद्याचे नियम 1953 चे, देशीचे 1973 चे. उत्पादन शुल्कच्या तालुक्याच्या कार्यालयातून अर्जाच्या प्रकाराला लागू असलेल्या नियमाची प्रत लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेला मीटरचा आकडा सभेत सांगू नका.

त्या प्रतीत मोजायची रीतही बघा: कुठल्या दारापासून कुठल्या दारापर्यंत, आणि सरळ रेषेत की पायी जायच्या वाटेने. घोळ इथेच होतो. समजा जिल्हा परिषद शाळेचं मोठं फाटक रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला आहे, पण पोरं मधल्या सुट्टीत मागच्या छोट्या फाटकातून बाहेर पडतात आणि ते फाटक प्रस्तावित इमारतीच्या अगदी जवळ आहे. अर्जदाराचा नकाशा मोठ्या फाटकापासून मोजलेला असेल. त्यावर आर्किटेक्टचा शिक्का असेल आणि तो खोटाही नसेल. तुम्ही दोन्ही फाटकांपासून मोजा, मुख्याध्यापक आणि दोन सदस्यांच्या सह्यांनी पंचनामा करा, फोटो काढा.

व्याख्यांकडेही लक्ष ठेवा, कारण गावाला जे मंदिर वाटतं ते नियमाला वाटेलच असं नाही. धार्मिक स्थळ म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं. पिंपळाखालचा म्हसोबा कितीही जागृत असला तरी न्यासाची नोंदणी नसेल तर अंतराच्या नियमात बसत नाही. खासगी शिकवणीचे वर्ग शैक्षणिक संस्थेत धरले जात नाहीत. रस्त्याकडेचा विनंती थांबा म्हणजे एसटी स्थानक नव्हे. अशा जागा जवळ असतील तर 'नियमभंग' असं ठरावात लिहू नका, तो मुद्दा पहिल्याच सुनावणीत पडतो. त्या 'स्थानिक परिस्थिती' म्हणून स्वतंत्र लिहा: रोज संध्याकाळी अमुक वाजता इथून किती मुली क्लासहून परततात, रस्त्यावर दिवे आहेत का, काकड आरतीची आणि दिंडीची वाट हीच आहे का.

महामार्गाचं प्रकरण वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. 31 मार्च 2017 ला त्यात बदल होऊन 20,000 किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर 220 मीटर झालं. जुलै 2017 मध्ये पालिका हद्दीतल्या दुकानांना यातून मोकळीक मिळाली, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये ग्रामपंचायत हद्दीतला भाग पुरेसा शहरी झालाय का हे ठरवणं राज्यांवर सोपवलं गेलं. मधल्या काळात रस्त्यांचे दर्जे बदलून घेण्याचा केवढा खटाटोप झाला ते वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचलंय. सांगायचा मुद्दा एवढाच, की तुमच्या गावचा रस्ता आज कुठल्या दर्जाचा आहे हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. पाच वर्षांपूर्वीचा जिल्हा मार्ग आज राज्य महामार्ग झालेला असतो आणि गावाला पत्ता नसतो.

जागेवर गेलात तसं रात्रीही एकदा जा. दुपारी तीन वाजता सगळ्याच जागा शांत दिसतात. गाड्या कुठे लागतील, त्या वळणावर अंधार किती, शेजारची घरं किती अंतरावर, सांडपाणी कुठे जाणार. शोषखड्डा नसलेलं हॉटेल दोन महिन्यांत शेजारच्या विहिरीचं पाणी खराब करतं, आणि ही तक्रार दारूच्या तक्रारीपेक्षा जास्त खरी असते.

तिसरी पायरी: अर्जदार कोण, आणि चालवणार कोण

परवाना एकाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याचा, हे या व्यवसायातलं उघड गुपित आहे. परवानाधारक आपल्या नोकरांना विक्रीचा अधिकार देतो, त्या कागदाला नोकरनामा म्हणतात. तो योग्यच आहे. पण कधीकधी नोकरनाम्याच्या आडून आख्खा बार भाड्याने दिला जातो, आणि तक्रार करायची वेळ आली की परवानाधारक शहरात आणि गल्ल्यावर भलताच माणूस. म्हणून सभेत अर्जदाराला समोर बोलवा आणि सरळ विचारा: रोज रात्री इथे कोण असणार? तुमचा दुसरीकडे परवाना आहे का? तिथे उत्पादन शुल्कची केस झालीय का? जागा स्वतःची की भाड्याची, करार किती वर्षांचा?

कागदही बघा: बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी, घरपट्टीची पावती, अन्न सुरक्षा परवाना, आगीची व्यवस्था. शेतातल्या पत्र्याच्या शेडला परमिट रूमसाठी ना हरकत देणाऱ्या ग्रामपंचायतींनी आधी ते बांधकाम नियमात आहे का, हे स्वतःच्या दप्तरात पाहावं. दारूच्या परवान्यावर ग्रामपंचायतीचा थेट ताबा नसला तरी बांधकाम, गटार आणि मिळकत नोंद यांवर आहे.

आक्षेप घेणाराही कोण आहे ते बघा. शेजारच्या गावातला बारवाला कधीकधी इथल्या दारूबंदीचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता निघतो.

चौथी पायरी: सभेत ऐकू येणारे मुद्दे तोलायचे कसे

'गावाचं उत्पन्न वाढेल.' किती, ते मांडायला सांगा. उत्पादन शुल्क, परवाना शुल्क आणि मद्यावरचा मूल्यवर्धित कर राज्याच्या तिजोरीत जातो. ग्रामपंचायतीला मिळते ती त्या इमारतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपले जुने ग्रामसेवक) तो आकडा सभेत वाचून दाखवावा. आकडा ऐकला की हा मुद्दा सहसा आपोआप बसतो. जत्रेला देणगी, मंदिराला कमान, क्रिकेटच्या पोरांना किट यांची आश्वासनं सभेत येऊच देऊ नयेत. ना हरकतीच्या बदल्यात देणगी याला साध्या भाषेत काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

'गावात अवैध दारू मिळतेच, मग अधिकृत असलेली बरी.' हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. भेसळीची भीती खरी आहे. पण हातभट्टीचं गिऱ्हाईक परमिट रूममध्ये जातं का? त्याच्या खिशाला ते परवडत नाही. म्हणजे परमिट रूम आली म्हणून हातभट्टी बंद होईल असं धरून चालू नका. दोन्ही शेजारी सुखाने नांदतात. उलट जवळ शॉपी किंवा दुकान आलं की तिथून खोकी उचलून वाडीवस्तीवर, पानटपरीत, ढाब्यावर चढ्या भावाने विकणारे तयार होतात. हातभट्टीचा बंदोबस्त करायचाच असेल तर कलम 65 (ई) खाली गुन्हे नोंदवून घ्या आणि ग्रामसभेने ग्रामरक्षक दल नेमून पाठपुरावा करा. कायद्यात त्याची तरतूद आहे. हा मुद्दा मांडणाऱ्यांना विचारा, आजवर अवैध दारूविरुद्ध किती अर्ज दिलेत?

'माणसं पिऊन दहा किलोमीटरवरून मोटरसायकलीने येतात, अपघात होतात, इथेच मिळाली तर बरं.' या मुद्द्यात मला तथ्य वाटतं. विशेषतः जवळच्या फाट्यावर आधीच दोन-तीन बार असतील तर. पण मग तुमच्या गावचा बार फक्त तुमच्या गावचा राहील का? आजूबाजूच्या पाच गावांत नसेल तर त्या पाच गावांच्या मोटरसायकली तुमच्याकडे येतील.

'पर्यटक येतात, हॉटेलला परमिट रूम नसेल तर थांबत नाहीत.' कोकणात, महाबळेश्वरच्या बाजूला, धरणाकाठच्या गावांत हा खरा प्रश्न आहे आणि तिथे होकार देणं मला गैर वाटत नाही, जागा वस्तीपासून दूर आणि राहण्याच्या खोल्या खरोखर बांधलेल्या असतील तर. खोल्यांचा नुसता नकाशा आणि बार मात्र आधी, असा क्रम असेल तर आधी खोल्या होऊ द्या म्हणावं.

रोजगाराचा मुद्दा लहान आहे. चार-पाच जणांना काम मिळतं, तेही बऱ्याचदा बाहेरच्यांना.

वयाचा मुद्दा मात्र कोणी काढत नाही. कायद्याने बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. गावात ज्युनिअर कॉलेज किंवा आयटीआय असेल, तर जवळपासचं गिऱ्हाईक यापेक्षा लहानच आहे. शॉपीच्या काउंटरवर ओळखपत्र बघितलं जाईल का, याचं उत्तर तुम्हाला अर्जदाराच्या चेहऱ्यावर दिसेल.

पाचवी पायरी: सभा नीट घ्या, नाहीतर सगळं मुसळ केरात

ठराव रद्द होतात ते मुद्द्यांवर कमी आणि पद्धतीवर जास्त. नेहमीच्या पळवाटा अशा.

मासिक सभेतला ठराव. सदस्यांच्या मासिक सभेत विषय उरकून घेतात आणि तोच ठराव 'ग्रामपंचायतीची ना हरकत' म्हणून जोडतात. ग्रामसभा वेगळी, मासिक सभा वेगळी. सरपंचांच्या लेटरहेडवरचं पत्र तर ठरावच नव्हे.

'आयत्या वेळी येणारे विषय.' विषयपत्रिकेत घरकुल, पाणीपुरवठा, स्वच्छता, आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. चहा होऊन निम्मी सभा उठली की त्यात परमिट रूम येते. हा विषय विषयपत्रिकेत स्पष्ट शब्दांत, परवान्याच्या प्रकारासह आणि जागेसह आलाच पाहिजे. नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर, प्रत्येक वस्तीवर लागली पाहिजे आणि दवंडी झाली पाहिजे. नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

तहकूब सभा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. तेवढी माणसं नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पहिली सभा मुद्दाम पडू द्यायची आणि पुढच्या सभेत वीस माणसांत ठराव करायचा, ही युक्ती जुनी आहे. पहिल्याच सभेला जा.

कोऱ्या हजेरीपटावरच्या सह्या. हजेरीसाठी घेतलेल्या सह्यांच्या वर नंतर ठराव लिहिला जातो. सही करण्याआधी पानाच्या डोक्यावर सभेची तारीख आणि विषय लिहिला आहे का ते बघा. घरोघरी वही फिरवून सह्या घेत असतील तर ती सभा नव्हे.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. या विषयात ती उपचार म्हणून उरकू नका, कारण खरी माहिती तिथेच मिळते: कोणाच्या घरातला पगार कुठे जातो, कुठल्या बोळातून रात्री येता येत नाही. वेळ बायांना जमेल अशी ठेवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी अकराला सभा बोलावली की हेतू कळतोच. सभेला अर्जदार आणि त्याची माणसं दारात उभी नसावीत. हात वर करून मत घेताना जिचा दीर अर्जदाराचा भागीदार आहे ती बाई काय करणार? निदान बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे आकडे कार्यवृत्तात लिहून घ्या. 'सर्वानुमते' हा शब्द खरोखर सगळ्यांचं एकमत असेल तरच.

गाव अनुसूचित क्षेत्रात (घोषित आदिवासी भागात) असेल तर तुमचं वजन आणखी जास्त आहे. 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी, नियमन आणि निर्बंध घालण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेला देण्याची तरतूद केली आहे, आणि ग्रामसभा पाड्याचीही असू शकते. मोहफुलांच्या घरगुती दारूचा प्रश्न आणि बाहेरच्या परमिट रूमचा प्रश्न तिथे एकत्र करू नका.

सहावी पायरी: ठराव लिहायचा कसा

नकार द्यायचा असेल तर कारणं मोजमापासह लिहा. साधारण असा:

'विषय क्र. 3: गट क्र. अमुक मधील इमारतीत एफएल-3 परवान्यासाठी आलेल्या अर्जाचा विचार करणे. अमुक तारखेच्या महिला ग्रामसभेत बाजूने इतकी व विरोधात इतकी मते पडली. अमुक तारखेच्या पंचनाम्यानुसार प्रस्तावित प्रवेशद्वार व जि. प. शाळेचे मागील फाटक यांमधील पायवाटेचे अंतर इतके मीटर आहे. सदर रस्त्यावर पथदिवे नाहीत व वाहनतळाची जागा नाही. सबब अर्जास ना हरकत देण्यात येऊ नये. सूचक, अनुमोदक. बाजूने इतके, विरोधात इतके.'

'गावाच्या संस्कृतीला धक्का बसेल' या एका वाक्यावर नकार उभा करू नका. ते खरं असेलही, पण अपिलात टिकतो तो पंचनामा.

होकार द्यायचा असेल तर अटींसह द्या, आणि एकाच अर्जदाराला, एकाच जागेसाठी, एकाच परवाना प्रकारासाठी द्या. जागा किंवा भागीदार बदलला तर नव्याने ग्रामसभा घ्यावी लागेल असं लिहा. दरवाजा कुठल्या बाजूला, पार्किंग किती गाड्यांचं, बाहेर कॅमेरा, रस्त्यावर बसून पिण्यास मज्जाव, बाटल्यांच्या काचेची विल्हेवाट, डीजे नाही, रात्री दहानंतर बाहेर ध्वनिक्षेपक नाही. यातल्या बऱ्याच अटी ग्रामपंचायत स्वतः अमलात आणू शकत नाही, हे मान्य करावं लागेल. म्हणून अर्जदाराकडून स्टँप पेपरवर हमीपत्र घ्या आणि 'या अटी परवान्याच्या अटींमध्ये घ्याव्यात' अशी विनंती ठरावातच जिल्हाधिकाऱ्यांना करा.

ठरावाची प्रमाणित प्रत अर्जदाराच्या हातीच पुढे जाऊ देऊ नका. ग्रामपंचायतीने आपली प्रत जिल्हाधिकारी आणि उत्पादन शुल्क अधीक्षक यांना थेट पाठवावी आणि पोच घ्यावी. ठराव नकाराचा आणि प्रस्तावाला जोडलेला कागद होकाराचा, असा संशय आला तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर प्रस्तावाची नक्कल मागा.

शहरात राहत असाल तर

सोसायटीच्या खालच्या गाळ्यात बिअर शॉपी किंवा वाइन शॉप येत असेल, तर सोसायटीची ना हरकत लागेल, असं उत्पादन शुल्क खात्याचे मंत्री म्हणून अजित पवार यांनी मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केलं. इथेही तोच कित्ता: सेक्रेटरीच्या सहीचं पत्र पुरेसं मानू नका. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, गणसंख्या, मतांचे आकडे इतिवृत्तात आणा. गाळामालक भाडं घेऊन दुसऱ्या उपनगरात राहतो आणि जिन्यात उलट्या तुम्ही धुता. तेव्हा गाळामालकालाही सभेत बोलवा.

परवाना मिळाल्यावर

परवाना वर्षाचा असतो, 31 मार्चला संपतो आणि नूतनीकरण करावं लागतं. त्यामुळे अटी मोडल्याच्या तक्रारी तोंडी करत बसू नका. तारीख, वेळ, फोटो यांसह उत्पादन शुल्क निरीक्षकांकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्या सगळ्यांचा एक गठ्ठा अधीक्षकांकडे पाठवून नूतनीकरणाच्या वेळी विचार करावा असं लिहा. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. गावात तणाव असेल, यात्रा किंवा दंगलीची भीती असेल, तर सार्वजनिक शांततेसाठी दुकान काही काळ बंद ठेवायचा आदेश जिल्हाधिकारी कलम 142 खाली देऊ शकतात. परवाना देण्याच्या किंवा नाकारण्याच्या आदेशाविरुद्ध कलम 137 खाली अपील आहे. अपिलाला मुदत असते, म्हणून आदेशाची प्रत ज्या दिवशी हातात आली ती तारीख पाकिटासकट जपा. तालुक्याच्या वकिलाकडे जाताना पंचनामा, नोटिशीचे फोटो, दोन्ही सभांचं कार्यवृत्त आणि पोचपावत्या एकाच फाइलमध्ये न्या. ही फाइल ग्रामपंचायतीच्या कपाटात एक आणि गावातल्या एखाद्या भरवशाच्या घरी एक, अशा दोन प्रतींत ठेवा, कारण निवडणूक झाली की कपाटाची किल्ली बदलते.